इलेक्ट्रॉन परत परत वापरणारा लेसर

पीयूसी काढायला गेलं की तो माणूस सायलेन्सरमध्ये नळी खुपसतो, इंजिन चालू ठेवायला सांगतो आणि थोड्या वेळात स्क्रीनवर आकडा येतो, कार्बन मोनॉक्साइड इतके टक्के. आपण सर्टिफिकेट घेऊन निघतो. पण त्या मशीनला कसं कळलं की नळीतून आलेल्या हवेत हाच गॅस आहे आणि इतकाच आहे? तर आत एक छोटा इन्फ्रारेड दिवा असतो, समोर डिटेक्टर असतो, मधून ती हवा जाते आणि कार्बन मोनॉक्साइड एका ठराविक रंगाचा इन्फ्रारेड प्रकाश गिळतो, म्हणजे पलीकडे प्रकाश जितका कमी पोचला तितका गॅस जास्त. इतकं साधं आहे. आज ज्या लेसरबद्दल लिहितोय तो, क्वांटम कॅस्केड लेसर किंवा थोडक्यात क्यूसीएल, हेच काम करतो, फक्त टक्क्यांत नाही तर पीपीबीमध्ये, म्हणजे शंभर कोटी रेणूंमध्ये एखादा वेगळा रेणू असला तरी तो शोधतो. भारताच्या अख्ख्या लोकसंख्येतून एक-दोन माणसं हुडकून काढण्यासारखं आहे हे.

आधी रेणू प्रकाश गिळतो म्हणजे काय करतो ते बघू. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू म्हणजे दोन गोळ्या आणि मध्ये एक स्प्रिंग असं समजा. ही स्प्रिंग सेकंदाला साधारण ६४ लाख कोटी वेळा थरथरते. बरोब्बर तेवढ्याच वेगाने कंप पावणारा प्रकाश आला तर रेणू तो उचलतो, नाहीतर सोडून देतो, झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिला तरच तो वर जातो तसं. या वेगाच्या प्रकाशाची लांबी, म्हणजे वेव्हलेंग्थ, येते साधारण ४.६ मायक्रॉन, एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. प्रत्येक रेणूचं वजन वेगळं, स्प्रिंग वेगळी, म्हणून प्रत्येकाचा रंगही वेगळा: कार्बन डायऑक्साइडचा ४.२६ मायक्रॉन, नायट्रिक ऑक्साइडचा ५.३ च्या आसपास, मिथेनचा ३.३ आणि ७.७ ला, अमोनियाचा १० च्या पुढेमागे. बोटांचे ठसे असावेत तसे. आणि निसर्गाने आपल्यावर एक मोठा उपकार केलाय, तो म्हणजे हवेत ९९ टक्के जे भरलंय ते नायट्रोजन आणि ऑक्सिजन या भागातला प्रकाश जवळपास गिळतच नाहीत, कारण दोन सारखेच अणू थरथरले तरी विजेच्या दृष्टीने तिथे काही हलत नाही. ते मध्ये आले असते तर हे सगळं शास्त्रच उभं राहिलं नसतं.

हा ३ ते १२ मायक्रॉनचा पट्टा म्हणजे मिड-इन्फ्रारेड. आपल्या डोळ्याला ०.४ ते ०.७ मायक्रॉन दिसतं, टीव्हीचा रिमोट ०.९४ वर चालतो, इंटरनेटच्या फायबरमधला लेसर १.५५ वर. आता तुम्ही म्हणाल, फायबरचे लेसर ढिगाने बनतात तर तेच वापरा की. वापरतात पण. मिथेनसारखे गॅस १.६५ मायक्रॉनलाही थोडे गिळतात, पण तो मूळ सुराचा पडसाद असतो, आणि गॅसप्रमाणे तो शेकडो ते हजारो पट कमजोर असतो. मूळ सूर मिड-इन्फ्रारेडमध्येच आहे. आणि दिवा का पुरत नाही? कारण गॅसच्या त्या रेषा अतिशय बारीक असतात, दिव्याचा प्रकाश पसरट, दाभण घेऊन मोती ओवायला बसल्यासारखं होतं. शेजारच्या गॅसची रेषा आणि आपली रेषा वेगळीच करता येत नाही. म्हणून लेसर पाहिजे, आणि तो नेमका या पट्ट्यातला पाहिजे.

इथेच घोडं अनेक वर्षं अडलं होतं. साधा सेमीकंडक्टर लेसर, म्हणजे लेसर पॉइंटरमधला किंवा फायबरमधला, कसा चालतो? इलेक्ट्रॉन वरच्या मजल्यावर, खालच्या मजल्यावर रिकामी जागा, तिला होल म्हणतात. इलेक्ट्रॉन वरून खाली उडी मारतो, जागा भरतो, आणि उडीची जेवढी उंची तेवढ्या एनर्जीचा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, सोडतो. दोन मजल्यांमधलं अंतर म्हणजे बँडगॅप, आणि तो मटेरियलने ठरवून दिलेला. गॅलियम आर्सेनाइड घेतलं की हा रंग, दुसरं घेतलं की तो रंग. मिड-इन्फ्रारेडसाठी मजले अगदी जवळजवळ पाहिजेत, तशी मटेरियल आहेत, शिशाच्या क्षारांचे लेसर १९६० च्या दशकापासून होते, पण ते नाजूक, लिक्विड नायट्रोजनमध्ये म्हणजे उणे १९६ डिग्रीच्या आसपास ठेवायला लागायचे, आणि तापमान जरा हललं की रंग उडी मारून भलतीकडे. लॅबमध्ये ठीक, शेतात किंवा चिमणीवर नेऊन बसवायचं म्हणजे कठीणच.

मग कोणीतरी उलटा विचार केला. मजल्यांमधलं अंतर मटेरियल ठरवतं ना, मग मजलेच बदलायचे नाहीत, वरच्या मजल्यावरच जिना बांधायचा. इलेक्ट्रॉन खाली उतरून होलला भेटणारच नाही, वरच राहील आणि आपण बांधलेल्या पायऱ्यांवरून उतरेल.

पायऱ्या कशाच्या? पातळ थरांच्या. इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा एक थर, त्याच्या दोन्ही बाजूंना इंडियम ॲल्युमिनियम आर्सेनाइडचे थर. इलेक्ट्रॉनला मधला थर विहिरीसारखा आणि बाजूचे भिंतीसारखे, आणि ही विहीर फक्त दोन-चार नॅनोमीटर रुंद असते, म्हणजे दहा-पंधरा अणूंचे थर. इतक्या अरुंद जागेत इलेक्ट्रॉन गोळीसारखा वागत नाही, लाटेसारखा वागतो. सतार डोळ्यासमोर आणा. तार दोन्ही टोकांना बांधलेली, म्हणून ती वाटेल तो सूर देत नाही, लांबीला बसणारेच सूर देते, आणि पडद्यावर बोट दाबून लांबी कमी केली की सूर चढतो. इलेक्ट्रॉनचं विहिरीत हेच होतं. त्याला ठराविकच एनर्जी चालतात आणि विहीर अरुंद केली की त्या एनर्जी वर सरकतात, त्यांच्यातलं अंतरही वाढतं. म्हणजे थराची जाडी बदलली की पायरीची उंची बदलली, आणि पायरीची उंची बदलली की लेसरचा रंग बदलला. मटेरियल तेच! मला या सगळ्या विषयातली ही गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते. त्याच दोन मटेरियलपासून ४.५ मायक्रॉनचा लेसर बनतो आणि १० मायक्रॉनचाही, डिझाइन करणारा फक्त जाड्या बदलतो. आधी निसर्गाने जो रंग दिला तो घ्यायचा, आता जो गॅस मोजायचा त्याच्या रंगाचा लेसर कागदावर मांडायचा आणि तसा बनवायचा.

आता कॅस्केड म्हणजे काय. कॅस्केड म्हणजे टप्प्याटप्प्याचा धबधबा, आणि यासाठी आपल्याकडे चालतं-बोलतं उदाहरण आहे, कोयना. धरणाचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिमेला पोफळीत उतरवलं, टर्बाईन फिरवलं, वीज काढली. मग ते पाणी तसंच सोडून नाही दिलं, खाली कोळकेवाडीला धरण बांधून अडवलं आणि तिसऱ्या टप्प्यात तेच पाणी परत टर्बाईनवर घातलं, तिथून ३२० मेगावॉटची सोय झाली, आणि मग ते वाशिष्ठीकडे गेलं. साध्या लेसरमध्ये इलेक्ट्रॉन एक उडी मारतो, एक फोटॉन देतो आणि संपला, पाणी समुद्राला मिळालं. इथे इलेक्ट्रॉनने एक पायरी उतरून फोटॉन दिला तरी तो अजून वरच्याच मजल्यावर आहे, म्हणून त्याला पुढच्या टप्प्याच्या डोक्यावर नेऊन सोडता येतं, तिथे परत उडी, परत फोटॉन. असे २५, ३०, कधी त्याहून जास्त टप्पे एकामागे एक रचतात. त्या रचनेला व्होल्टेज लावलं की अख्खा जिना तिरका होतो आणि प्रत्येक टप्प्याचा तळ पुढच्या टप्प्याच्या माथ्याच्या रेषेत येतो. व्होल्टेजही त्यामुळे जास्त लागतं, साध्या लेसरला दोन-एक व्होल्ट पुरतात, याला दहाच्या आसपास किंवा वर, कारण प्रत्येक पायरीची किंमत मोजायची असते.

पण नुसत्या पायऱ्या बांधून लेसर होत नाही, आणि इथे खरी कारागिरी आहे. लेसर चालायला वरच्या पायरीवर गर्दी पाहिजे आणि खालची पायरी रिकामी. अडचण अशी की वरच्या पायरीवरचा इलेक्ट्रॉन तिथे टिकतच नाही, साधारण पिकोसेकंदात म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागात तो प्रकाश न देताच खाली घसरतो आणि ती एनर्जी क्रिस्टलच्या थरथरीत, म्हणजे उष्णतेत जाते. लेसर सुरू होण्याआधीची स्थिती बघितली तर हजारो इलेक्ट्रॉनांमध्ये एखादाच आपणहून प्रकाश देतो. मग उपाय काय केला? खालची पायरी त्याहूनही लवकर रिकामी व्हायची सोय केली. क्रिस्टलच्या थरथरीचा स्वतःचा एक ठराविक मापाचा तुकडा असतो, त्याला फोनॉन म्हणतात, तर खालच्या पायरीखाली बरोब्बर एका फोनॉनच्या अंतरावर अजून एक पायरी ठेवली, म्हणजे तिथे पोचलेला इलेक्ट्रॉन एक फोनॉन टाकून झटक्यात सटकतो. जी थरथर वरच्या पायरीवर नुकसान करत होती तिलाच खाली कामाला लावलं. आणि एकदा लेसर पेटला की समोरून जाणारा फोटॉनच इलेक्ट्रॉनला उडी मारायला लावतो, घसरण्याआधीच, त्यामुळे मग प्रकाश देणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. तरीही उष्णता भरपूर होते. उत्तमातल्या उत्तम लेसरमध्ये, खोलीच्या तापमानाला सतत चालवताना, दिलेल्या विजेतली २० टक्क्यांच्या आसपास प्रकाशात येते, नेहमीच्यांमध्ये बरीच कमी, बाकी सगळी चिप तापवण्यात जाते.

ही कल्पना जुनी आहे. लेनिनग्राडच्या आयोफे इन्स्टिट्यूटमधल्या रुडॉल्फ काझारिनोव आणि रॉबर्ट सुरिस यांनी १९७१ मध्येच मांडलं होतं की अशा थरांच्या रचनेतून प्रकाश वाढवता येईल. पण त्यांच्या कागदावरचे थर बनवायचे कोणी? एक-दोन अणूंची चूक झाली तर पायरी चुकते, आणि असे शेकडो थर एकावर एक. पहिला चालणारा लेसर यायला १९९४ उजाडलं, अमेरिकेत न्यू जर्सीच्या बेल लॅब्समध्ये. जेरोम फाइस्ट, फेडेरिको कपासो, डेबोरा सिव्को, कार्लो सिर्तोरी, आल्बर्ट हचिन्सन आणि आल्फ्रेड चो. यातले चो म्हणजे थर वाढवायची जी पद्धत, मॉलेक्युलर बीम एपिटॅक्सी, ती घडवणाऱ्यांपैकी एक. जवळजवळ पूर्ण निर्वात भांड्यात इंडियम, गॅलियम, ॲल्युमिनियम, आर्सेनिक वेगवेगळ्या छोट्या भट्ट्यांमध्ये तापवायचं, समोर झडपा, झडप उघडली की त्या अणूंचा झोत चकतीवर बसतो, बंद केली की थांबतो. वेग साधारण सेकंदाला अणूंचा एक थर, तासाला एक मायक्रॉन. म्हणजे एक लेसर वाढवायला कित्येक तास झडपांची उघडझाप, न चुकता. या विषयावर बोलताना लोक थिअरीवाल्यांची नावं घेतात, पण सिव्कोबाईंसारख्या, हे थर प्रत्यक्ष वाढवणाऱ्या माणसांशिवाय तो कागद कागदच राहिला असता असं माझं ठाम मत आहे.

पहिला लेसर ४.२ मायक्रॉनच्या आसपासचा, पंचवीस टप्प्यांचा, पल्समध्ये आणि खूप थंड करूनच चालायचा. २००२ मध्ये स्वित्झर्लंडच्या नूशातेलमध्ये खोलीच्या तापमानाला सतत चालणारा बनला आणि मग हा लेसर खऱ्या अर्थाने लॅबबाहेर पडला.

आता सेन्सिंग. चिपवरच बारीक जाळी कोरतात, म्हणजे लेसर एकाच शुद्ध रंगावर चालतो. मग करंट थोडा वरखाली केला की चिप किंचित तापते-निवते आणि रंग अगदी थोडा सरकतो. तेवढंच पाहिजे असतं. गॅसच्या रेषेच्या अलीकडून पलीकडे लेसर सरकवत न्यायचा, डिटेक्टरवर मध्येच एक खड्डा दिसतो, त्या खड्ड्याची खोली म्हणजे गॅसचं प्रमाण. रेषेच्या बाजूला, जिथे गॅस गिळत नाही, तिथला प्रकाश आपोआप तुलनेला मिळतो, त्यामुळे आरशावर धूळ बसली किंवा लेसर थोडा मंद झाला तरी उत्तर फारसं बिघडत नाही. पीयूसीच्या मशीनपेक्षा हा मोठा फरक.

पण पीपीबीमध्ये गॅस असेल तर खड्डा इतका उथळ की दिसणारच नाही. मग प्रकाशाला गॅसमधून लांब चालवायचं. दोन आरसे समोरासमोर ठेवून किरण त्यांच्यामध्ये खेळवतात, अशी एक गाजलेली रचना आहे ज्यात आरसे फक्त ३२ सेंटीमीटरवर आहेत पण किरण २३८ फेऱ्या मारतो, म्हणजे ७६ मीटर चालतो.

दुसरी युक्ती मला जास्त आवडते. ती प्रकाश बघतच नाही, ऐकते. रेणूने प्रकाश गिळला की ती एनर्जी उष्णतेत जाते, हवा किंचित फुगते, लेसर चालू-बंद चालू-बंद केला तर हवा फुगते-आकसते, म्हणजेच आवाज होतो. हे अलेक्झांडर ग्रॅहम बेलला १८८० मध्येच दिसलं होतं. ह्यूस्टनच्या राइस युनिव्हर्सिटीतल्या फ्रँक टिटेल यांच्या गटाने २००२ मध्ये तो आवाज ऐकायला माइक न वापरता मनगटी घड्याळातला क्वार्ट्झचा चिमटा वापरला. क्वार्ट्झ घड्याळ ज्यावर टिकटिक करतं तो, सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा, अगदी स्वस्तात मिळणारा तुकडा. लेसरचा किरण त्याच्या दोन दांड्यांमधल्या मिलीमीटरच्या तिसऱ्या भागाएवढ्या फटीतून काढायचा आणि चिमट्याच्या सुरात लेसर चालू-बंद करायचा. गॅस असेल तर दोन दांड्या एकमेकींपासून लांब-जवळ होऊ लागतात आणि क्वार्ट्झ दाबला-ताणला की वीज देतं. बाहेरचा गोंगाट दोन्ही दांड्यांना एकाच दिशेला ढकलतो, तो आपोआप वजा होतो. आवाजाने गॅस मोजायचा म्हटलं की लेसर जितका ताकदवान तितका आवाज मोठा, आणि क्यूसीएलकडे ताकद असते, म्हणून ही जोडी जमली.

आवाजाने गॅस मोजण्याच्या या गोष्टीत आपल्याकडचा एक माणूस आहे आणि त्याचं नाव आपल्याकडे जितकं घ्यायला पाहिजे तितकं घेतलं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कुमार पटेल, जन्म बारामतीचा, १९३८ चा, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ मध्ये पदवी, मग स्टॅनफर्ड, मग बेल लॅब्स. १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर दाखवला, १०.६ मायक्रॉनचा, जो आज पत्रा कापायला आणि ऑपरेशन थिएटरमध्येही वापरतात. १९७० च्या दशकात त्यांच्या गटाने बलूनमधून लेसर आणि हीच आवाजाची पद्धत वर पाठवून स्ट्रॅटोस्फिअरमधला नायट्रिक ऑक्साइड मोजला, ओझोनच्या थराची काळजी तेव्हा नुकती सुरू झाली होती. आणि २००० मध्ये कॅलिफोर्नियात कंपनी काढून ते ताकदवान क्वांटम कॅस्केड लेसर आणि सेन्सरकडे वळले. त्यांचा जुना गॅस लेसर ९ ते ११ मायक्रॉनमधल्या ठराविक रेषांवरच चालायचा, तिथे नशिबाने आपला गॅस बसला तर ठीक. नवीन लेसरला ती अट नाही.

वापर कुठे होतो? शेतात होतो. युरिया टाकून पाणी दिलं की जमिनीतले जिवाणू त्यातला थोडा नायट्रोजन नायट्रस ऑक्साइड करून हवेत सोडतात, आणि हा गॅस शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २७३ पट तापवणारा. हवेत तो मुळात ३३० पीपीबीच्या वरच आहे, शेतातून येणारा फरक त्यातला अगदी बारीक, तो सेकंदाला दहा वेळा मोजायचा आणि त्याच क्षणी वारा वर चाललाय की खाली तेही बघायचं, मग कळतं एकरातून किती गेला. हे क्यूसीएलने जमतं. बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने अशा लेसरचा झोत उघड्या हवेतून टाकून ओझोन आणि अमोनिया मोजला होता.

श्वासातही होतो. दम्यात श्वासनलिकेला सूज आली की श्वासातला नायट्रिक ऑक्साइड वाढतो, मोठ्या माणसात २५ पीपीबीच्या खाली असेल तर कमी धरतात, ५० च्या वर गेला तर जास्त. दवाखान्यात सध्या हे बहुतेक केमिकल सेन्सरवर चालतं, ते स्वस्त आहेत. पण लेसरने एका श्वासाच्या आतच, सुरुवातीला किती आणि शेवटी किती, हे बघता येतं आणि अमोनियासारखे इतर गॅसही. घरात रात्री-अपरात्री पंप शोधायची वेळ ज्यांच्यावर आलीय त्यांना कळेल की हे का महत्त्वाचं आहे.

मंगळावर या लेसरचा चुलतभाऊ गेलाय. २०१२ ला उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीत ३.२७ मायक्रॉनचा इंटरबँड कॅस्केड लेसर आहे. त्यात इलेक्ट्रॉन होलला भेटतो खरा, पण नंतर त्याला परत वर आणून पुढच्या टप्प्यात वापरतात. आरशांमध्ये ८१ फेऱ्या, १६.८ मीटर. त्याने अर्ध्या पीपीबीच्या आसपास मिथेन मोजला, ऋतूप्रमाणे कमीजास्त होणारा, २०१९ मध्ये एकदा २१ पीपीबीपर्यंत. वरून फिरणाऱ्या युरोपच्या यानाला मात्र मिथेन सापडला नाही, तो वाद अजून मिटलेला नाही.

अडचणी आहेतच. पाण्याची वाफ या पट्ट्यात जागोजाग रेषा मांडून बसलीय, जुलैमधल्या कोकणातल्या हवेत शंभरात तीन रेणू पाण्याचे असतील आणि तुम्ही शोधताय शंभर कोटीत पाच, म्हणून पाण्याच्या दोन रेषांमधली रिकामी फट शोधूनच लेसर बनवून घ्यावा लागतो. किंमत अजून फायबरच्या लेसरपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि चिप थंड ठेवायला वीज लागते ती वेगळीच.

आणि परत पीयूसीकडे. बीएस ६ च्या बऱ्याच डिझेल गाड्यांमध्ये, ट्रक-बसमध्ये तर सर्रास, युरियाचं पाणी टाकावं लागतं ना, ते नायट्रोजनचे ऑक्साइड मारण्यासाठी असतं, त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो त्या ऑक्साइडांना संपवतो. युरिया कमी पडला तर ऑक्साइड बाहेर, जास्त झाला तर अमोनिया बाहेर. इंजिन टेस्टिंगच्या लॅबमध्ये नायट्रिक ऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड आणि अमोनिया चारही एकदम मोजणारी क्यूसीएलची मशीन मिळतात, आणि रस्त्याच्या आडवा लेसर टाकून जाणाऱ्या गाड्यांचा धूर मोजायचे प्रयोग अमेरिकेत १९९० च्या दशकातच झालेत, तेव्हा ते शिशाच्या थंड लेसरने करावे लागले. आपल्याकडे डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा बघतात, यातला एकही गॅस मोजला जात नाही.